आबाजीची 'बगया' रॅले: रंगवू, विकू की तशीच ठेवू?

बनोसा_पॅसेंजर

नमस्कार मंडळी. इथं वाचतो रोज, लिहायला पहिल्यांदाच बसलो. घरात एका सायकलीवरून महाभारत चालू आहे, म्हटलं बाहेरच्या चार शहाण्यांना विचारावं.

गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाण पट्ट्यात (म्हणजे जमिनीतलं पाणी खारं). दिवाळीत गोठ्याचे टिन बदलायला काढले तेव्हा कुटाराच्या ढिगामागून आमच्या आबाजींची (वडिलांचे वडील) सायकल बाहेर निघाली. २००३ मध्ये अडुसष्टाव्या वर्षी आबाजी गेले, तेव्हापासून ती तिथंच उभी. काळी, २८ इंची चाकं, सळईचे ब्रेक, आणि पायडलच्या चक्रात तीन बगळे कोरलेले. म्हणून अख्ख्या गावात तिचं नाव 'बगया'. (आमच्याकडं ळ चा य होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया.)

घरात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी: स्वातंत्र्याच्या साली कापसाला भाव आला, आबाजींनी अकोल्याला जाऊन इंग्लंडची विलायती रॅले विकत घेतली, आणि पंचक्रोशीतले लोक ती पाहायला आले. पुढं बाबूजी (माझे वडील) तिच्यावर दर्यापूरला हायस्कूलला गेले. मी तिच्यावर कैची शिकलो, गुडघ्याची खूण अजून आहे.

आता हाल सांगतो. पायडल मारलं की दर फेऱ्याला एकदा 'टक' होतं. मागची रिम गंजली आहे. सीटचं कातडं उंदरांनी एका कोपऱ्यातून खाल्लंय. चेनकव्हर कधीच गेलं. घंटी नाही, हॅन्डलवर फक्त तिच्या पट्ट्याचा वळ आहे. काल बोअरच्या पाण्यानं धुऊन उन्हात ठेवली.

मोठा भाऊ पुण्यात असतो, तो म्हणतो पावडर कोटिंग करून चकाचक करू, मी नेतो. हायवेवरचा एक ढाबेवाला बारा हजार द्यायला तयार आहे, त्याला भिंतीवर टांगायची आहे. बाबूजींना विचारलं तर "राहू दे ना तशीच" एवढंच. मला चालवायची आहे, बस.

ही खरंच इंग्लंडची का? ती 'टक' कशाची? आणि रंग द्यावा की नाही?

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, भिंतीले टांगाचीच असन तर आधी त्या ढाबेवाल्याले टांगा. सायकल हाये का दिवाळीचा आकाशकंदील?

फोटो टाका पहिले.

छर्रेवाला

'टक'चं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील. तीस वर्षं दुकान केलं, आता पोरगा पाहतो.

एका हातानं डावा क्रँक (पायडलचा दांडा) घट्ट धरा, दुसऱ्या हातानं उजवा हलवा. नुसता एकच हलला तर कॉटर (क्रँकला मधल्या आसावर पक्का धरणारी लोखंडी पाचर) ढिला. दोन्ही मिळून आडवे डुलत असतील तर आतले कप (छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, बसतात त्या वाट्या) ढिले. दर फेऱ्याला एकदाच वाजतं म्हणता, म्हणजे बहुतेक कॉटरच.

नवा घ्यायला जाल तेव्हा जुना खिशात घेऊन जा. कॉटर ९ मिमीचा येतो आणि साडेनऊचाही. रॅलेला साडेनऊ लागतो. नऊवाला बसतो, दोन दिवस गप्प राहतो, मग पुन्हा टक. चपटी बाजू कानशीनं थोडी थोडी घासून बसवायची, एकदम नाही. दोन कॉटर एकमेकांच्या उलट बसतात: एकाचा नट पुढं तर दुसऱ्याचा मागं. तसं नाही केलं तर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत, सायकल चालवताना माणूस लंगडल्यासारखा दिसतो.

आता मुख्य गोष्ट. पोरं काय करतात, नट आवळून कॉटर ओढतात. नटाचे आटे जातात. नट फक्त कॉटर निसटू नये म्हणून असतो. कॉटर हातोडीनंच बसतो, पण ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपाचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवा, कॉटरचं टोक पाइपाच्या तोंडात उतरेल असा. पाइप नसेल तर हातोडीचा सगळा मार आतल्या छर्ऱ्यांवर जातो आणि कपाला खड्डे पडतात. वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, पुन्हा दोन टोले द्या, पुन्हा नट आवळा.

खोललीच आहे तर पूर्ण ओव्हराइल करून घ्या. पुढच्या हबला ३/१६ चे दहा-दहा छर्रे, मागच्याला पाव इंची नऊ-नऊ, मध्ये पाव इंची अकरा-अकरा. सगळेच बदला, जुने-नवे मिसळू नका. धुवायला रॉकेल आता मिळत नाही, डिझेल चालतं.

आणि खारपाणाच्या बोअरनं सायकल धुता काय हो? ते पाणी तुरीच्या डाळीला चालत नाही, लोखंडाला कसं चालेल! आता लगेच कोरड्या फडक्यानं पुसा आणि तेलाचा हात फिरवा.

बनोसा_पॅसेंजर

पुसली. तेल लावलं. आईनं विचारलं, सायकलीला नजर लागली का.

पेठेतला_पॅडल

मी जुन्या सायकली जमवतो, घरात जागा नाही म्हणून बायको रोज बोलते. कळकळीनं सांगतो, पावडर कोटिंगला हात लावू नका.

त्याच्यासाठी आधी फ्रेम वाळूच्या माऱ्यानं नागडी करतात. सोनेरी रेघा, कारखान्याची अक्षरं, सगळं जातं. वरचा थर इतका जाड बसतो की फ्रेमवर ठोकलेला नंबरसुद्धा बुजतो. उरतो फक्त सायकलीचा आकार, आणि तसा आकार दुकानात नवा मिळतो.

काळ्या रंगाला मऊ फडकं आणि गाडीचं पॉलिश पुरे. अक्षरांवरून घासू नका, त्यांच्या कडेकडेनं जा. हॅन्डल-रिमच्या क्रोमवरचा गंज काढायला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची चांदी (फॉइल) घ्या, चुरगाळा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हातानं घासा. गंज उतरतो, क्रोमला ओरखडा पडत नाही. सीटला उगाच तेल पाजू नका, कातडं मऊ पडून मधून झोपतं.

टायरची मात्र तुम्हाला चैन आहे. तुमचं २८ गुणिले दीड म्हणजे आतून ६३५ मिमी. आपल्या दूधवाल्याच्या सायकलीचं तेच माप, बाजाराच्या गावात कुठंही मिळेल. फक्त हौशी दुकानातला पोरगा '२८ चंच आहे' म्हणून ७००सी देईल, ते ६२२ चं. चढणारच नाही.

आणि रिम सरळ करून घेताना सांगा की सळईचे ब्रेक आहेत. ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला, हबकडच्या बाजूनं दाबतात. डावा-उजवा आउट थोडा राहिला तरी चालून जातं, पण चाक अंड्यासारखं असेल तर ब्रेक झटके देईल.

काळी_माती

धाग्याला थोडा फाटा फोडतो, माफी.

पावसाळ्यात आमच्याकडं माणूस सायकलीवर बसत नाही, सायकल माणसावर बसते. काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी भरते की चाक जागेवर घट्ट. माझे वडील कॅरिअरखाली पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) एक काडी खोचून ठेवत. दर पन्नास पावलांवर उतरायचं, काडीनं चिखल कोरायचा, पुन्हा पन्नास पावलं. शेवटी कंटाळून सायकल खांद्यावर, चपला कॅरिअरला. नाल्याजवळ पोचेपर्यंत खांद्याला दांडीचा वळ.

बनोसाभाऊ, तुमच्या कॅरिअरखाली पहा बरं काही खोचलेलं आहे का.

बनोसा_पॅसेंजर

पाहिलं. काडी नाही, पण ती अडकवायला वाकवलेली तार आहे. इतके दिवस वाटायचं ती कशाचा तरी तुटलेला भाग आहे.

मूर्तिजापूर_जंक्शन

इंग्लंडची का, या प्रश्नाकडं येऊ.

रॅले हे नाव नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरून आलं, तिथंच पहिलं दुकान होतं. बगळा ही कंपनीची खूण. पण बगळा दिसला म्हणून सायकल नॉटिंगहॅमची असं होत नाही. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर बंधनं आली तेव्हा इंग्रज कंपन्यांनी इथल्या लोकांबरोबर भागीदारीत कारखाने काढले. हर्क्युलस तशी मद्रासजवळ अंबत्तूरला बनू लागली. रॅलेसाठी बंगालात आसनसोलला सेन-रॅले. पन्नासच्या दशकातल्या आपल्याकडच्या कितीतरी रॅले आसनसोलच्याच. तो कारखाना पुढं सरकारनं ताब्यात घेतला आणि १९८० मध्ये त्याची सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया झाली.

एवढ्यासाठी छर्रेवाल्यांच्या यादीला एक पुरवणी. नॉटिंगहॅमच्या रॅलेला मधल्या कपाचे आटे इंचाला २६ असतात, बाकीच्या इंग्लिश सायकलींना २४. कप बदलायचाच झाला तर आटे मोजून घ्या. जबरदस्तीनं फिरवला तर फ्रेम कायमची गेली.

आता दोन कामं करा. ओल्या फडक्यानं फ्रेमवरच्या अक्षरांजवळची धूळ हळूच उचला आणि काय वाचता येतं ते सांगा. आणि कुठं पितळी बिल्ला आहे का बघा, नगरपालिका सायकलीचा कर घेऊन द्यायची तो.

शिवाय एक हिशेब. आबाजी २००३ मध्ये अडुसष्टाव्या वर्षी गेले म्हणता. मग ४७ साली ते बारा वर्षांचे होते. बारा वर्षांच्या पोराला कापसाचे पैसे कोणी दिले?

वऱ्हाडी_ठेचा

जंक्शनभाऊनं तर चेनच ओढली!

बनोसा_पॅसेंजर

दोन दिवस उशीर झाला, कापूस वेचणी चालू आहे.

हिशेब बरोबर आहे. इतकी वर्षं गोष्ट ऐकली, पण वजाबाकी कोणी केली नव्हती.

अक्षरं पुसली. बरीचशी गेली आहेत, पण 'आसन' एवढं इंग्रजीत स्पष्ट दिसतं आणि पुढं 'ल' चा शेपटा. बिल्ला सीटच्या मागच्या बोल्टला सापडला, चिखलात इतका लपला होता की वायसर वाटला. लिंबू-मीठ लावून घासला तर वर्ष निघालं: ५८-५९.

म्हणजे विलायती नाही, आणि ४७ ची तर नाहीच. बाबूजींना दाखवलं. त्यांनी बिल्ला हातात घेतला, उलटापालटा केला, परत दिला. रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत. वाटलं, उगाच उकरलं.

पेठेतला_पॅडल

किमतीच्या दृष्टीनं म्हणाल तर नॉटिंगहॅमचीला जास्त देणारे लोक आहेत. पण मूळ अक्षरं, बिल्ला आणि एकाच घरातली सायकल हे एकत्र फार क्वचित मिळतं. बारा हजारात देऊ नका.

काळी_माती

अहो, विलायती म्हणण्याचं काय घेऊन बसलात. आपल्या बांधावरची विलायती बाभूळ अमेरिका खंडातली आणि विलायती चिंच मेक्सिकोकडची. दोघींनीही विलायत पाहिलेली नाही. चांगलं, नवं, चमकणारं ते विलायती अशीच बोलायची पद्धत होती. बाबूजींना सांगा, आबाजी खोटं बोलले नव्हते.

(विलायती बाभळीचा काटा मात्र अस्सल. माझ्या टायरला विचारा.)

माहेरचा_कापूस

सगळा धागा वाचला. कॉटर झाला, छर्रे झाले, कारखाने झाले. एक प्रश्न कोणीच विचारला नाही.

बनोसाभाऊ, तुमची आजी आहे का? तिचं लग्न कोणत्या साली झालं?

आमच्या यवतमाळकडं त्या काळात नवरदेवाला सायकल, घड्याळ आणि ऐपत असली तर रेडिओ लागायचा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, आणि त्याच्यानंतरही काय थांबलं होतं म्हणा. घरातले पुरुष पुढं सांगताना 'घेतली' म्हणतात. कोणाकडून घेतली ते सांगत नाहीत. माझ्या वडिलांचं घड्याळही असंच 'घेतलेलं' होतं.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, तुम्ही तर हवाच काढली. पन मुद्दा खरा हाये.

बनोसा_पॅसेंजर

ताई, तुमचा प्रतिसाद वाचला आणि तसाच आजीच्या खोलीत गेलो. आजी ब्याऐंशीची आहे. कान शाबूत आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं. इतके दिवस अंगणात सायकलीची उठाठेव चालली होती, पण तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. मीही नाही.

विचारलं, "आजी, बगया कोनं आनली होती?"

म्हणाली, "माह्या बापानं देल्ली. काहून?"

मग जे सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहितो. लग्न कारंज्याला, आजीच्या माहेरी. जेवणाच्या पंगतीत आबाजी रुसून बसले, पानाला हात लावेनात. मध्यस्थ आत-बाहेर करत होते. आजीला आतून सगळं ऐकू येत होतं. सायकल ठरलेली नव्हती. आजीच्या वडिलांनी पगडी काढली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाले, जेवा, सायकल येईल. महिन्याभरानं त्यांनी गोऱ्हा विकला. जोडीतला एक. अकोल्याहून सायकल घेतली आणि मूर्तिजापूरला शकुंतलेत (आमच्याकडची छोटी रेल्वे) चढवली. आबाजी ती घ्यायला बनोशाच्या टेसनावर गेले.

इथं आजी हसायला लागली, दम लागेपर्यंत. "तुह्या आबाजीले बसता कुठी येत होतं! बनोशाहून घरालोक हातात धरून आनली. दोन कोस. लोक पाहून राह्यले. मी दारात उभी, मले वाटलं वासरू धरून आनून राह्यले का काय."

म्हणजे लोक पाहायला आले होते हे खरं आहे. कशासाठी, ते आत्ता कळलं.

बाबूजी दारात येऊन उभे होते, केव्हा आले ठाऊक नाही. ते म्हणाले, "माय, मले कधी सांगतलं नाही तू." आजी म्हणाली, "तू इचारलं कधी?"

मग ढाब्याचा विषय निघाला. आईनंच काढला, मुद्दाम की सहज ते माहीत नाही. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इका. मी काहून नाही म्हनू. पन गोऱ्ह्याचे पैसे पहिले माह्या भावाच्या पोराइले देजा. एका बैलावर माह्या बापानं दोन साल वावर वाह्यलं, दुसरा मांगून आनून."

मी हे सगळं घरच्या ग्रुपवर टाकलं. दादानं निळी खूण येऊ दिली, उत्तर नाही. पावडर कोटिंगवाल्याचा नंबर पाठवला होता तो मात्र त्यानं खोडला.

माहेरचा_कापूस

एका बैलावर दोन साल. मी ही ओळ आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, उठून भांडी घासायला गेली.

मूर्तिजापूर_जंक्शन

मार्ग जुळतो. अकोल्याहून मूर्तिजापूरपर्यंत मोठी गाडी, तिथून अचलपूरच्या फाट्यावर नॅरो गेज, बनोसा म्हणजे दर्यापूरचंच स्टेशन. आणि कारंजा त्याच जंक्शनच्या दुसऱ्या, यवतमाळच्या फाट्यावर. आजी लग्न होऊन आली ती आणि सायकल आली ती, दोघी माझ्याच गावात गाडी बदलून आल्या!

छर्रेवाला

कॉटरचं काय झालं?

बनोसा_पॅसेंजर

झालं, तेच सांगायचं राहिलं. जुना काढला तर नऊचाच निघाला, कोणीतरी मध्ये टिनाची पट्टी गुंडाळून बसवलेला. साडेनऊचा मिळाला. पाइप टेकवून बाबूजींनी स्वतः ठोकला, मला हातोडी दिली नाही. टक गेली. कप चांगले निघाले, म्हणून आट्यांच्या भानगडीत पडलो नाही. रंग दिला नाही. पॉलिशनं खालच्या नळीवर सोनेरी रेघ वर आली, करंगळीएवढी. परवा लासूरपर्यंत जाऊन आलो, उतारावर ब्रेक दाबला तर सायकल विचार करून थांबते.

आता एक नवीन अडचण. सायकल आजीच्या पलंगाजवळ नेली होती. तिनं हॅन्डलवरून हात फिरवला, वळावर बोट थांबलं आणि म्हणाली, "घंटी कोनं काढली?" तिच्या वडिलांनी पितळी घंटी वेगळी लावून दिली होती म्हणे. ती वेशीपासून ऐकू यायची, मग आजी तव्यावर भाकर टाकायची.

बाबूजी खाली पाहायला लागले. दहावीच्या साली त्यांनी ती घंटी एका मित्राला देऊन त्याचा डायनमो घेतला होता. पोलीस बिनलाइटची सायकल धरायचे म्हणून. डायनमोही पुढं मीच हरवला, ते मी तेव्हा सांगितलं नाही.

तर कोणाकडं जुनी पितळी, दोन कटोऱ्यांची घंटी आहे का? हॅन्डल ७/८ इंची.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या कोठीत आहेत चार-पाच, आज्याच्या जमान्यातल्या. पैसे नाही पाह्यजे. पन आधी आजीले फोनवर ऐकवतो, थे म्हनन थेच पाठवतो. उद्या सकाळी लाव फोन.

बनोसा_पॅसेंजर

मंडळी, अहवाल. स्पीकर लावून आजीच्या कानाशी धरला. पहिली: "हे तं कुल्फीवाल्याची." दुसरी: "हे पोस्टमनची, तार आल्यासारखं वाटते." तिसरी वाजली तेव्हा मधेच रेंज गेली. चौथीला म्हणाली, "पुन्हा वाजोव." ठेचाभाऊंनी पुन्हा वाजवली. "अजून एकडाव." असं पाच वेळा.

मग म्हणाली, "हे नाही. पन तिसरी आयकू आलीच नाही मले."

ठेचाभाऊ, तिसरी बाजूला ठेवा. रविवारी मीच येतो, सायकलीनं. पऱ्हाटीची काडी घेऊन.